वहिनींच्या हातची संत्रा-बिस्किटं

गोपाळराव रंगारींनी छत्तीस वर्षं कोराडीच्या पावर हाऊसमध्ये बॉयलर सांभाळला. निवृत्त झाल्यावर सांभाळायला काहीच उरलं नाही, तेव्हा ते बायकोचा गॅस सांभाळू लागले. तुळसाबाई भाजी फोडणीला टाकत आणि हे मागे हाताची घडी घालून उभे.

"ज्योत पिवळी पडून राहिली वं. हवा कमी पडते तिले."

"आता आधण आलं. लोड कमी कर."

तुळसाबाईंनी हे तीन महिने ऐकून घेतलं. चौथ्या महिन्यात एक दिवस पोळी लाटता लाटता, मागे न बघता त्यांनी विचारलं, "तुमी रिटायर झाले का माह्या घरात बदली होऊन आले?"

त्या दिवसापासून गोपाळराव सकाळी गच्चीवर जाऊन बसू लागले. क्वार्टर सोडल्यावर कोराडी रोडला बांधलेलं त्यांचं घर लहान, पण गच्चीवरून पावर हाऊसच्या चिमण्या स्वच्छ दिसत. धूर पाहून आत कोणता ऑपरेटर बसला असेल, हे ते सांगत. ऐकायला तिथे कावळ्यांशिवाय कोणी नसे.

मुलगी नंदिनी पुण्याला. तिने आईच्या वाढदिवसाला ओव्हन पाठवला. तुळसाबाईंनी त्यावर क्रोशाचं झाकण टाकलं, वर प्लास्टिकच्या फुलांचा गुच्छ ठेवला आणि लेकीला फोनवर सांगितलं की फार छान आहे, कामाचा आहे. ओव्हन सहा महिने असा शोभेला बसून होता. पण गोपाळराव म्हणजे नवा पंखा आणला तरी सोबतचं पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस. त्यांनी ओव्हनचंही पुस्तक वाचलं. शेवटच्या पानावर एक पाककृती होती, लिंबाच्या पातळ कुरकुरीत बिस्किटांची. लिंबं घरात नव्हती. संत्री मात्र पाय ठेवायला जागा नाही इतकी होती, कारण त्यांचे जुने शिफ्ट इन्चार्ज मधुकरराव भोयर यांची कळमेश्वरकडे बाग होती आणि दर बहाराला ते एक क्रेट आणून टाकत. दोन माणसांनी खाऊन खाऊन किती संत्री खायची?

तर एका सकाळी तुळसाबाई बाजारात गेल्या असताना गोपाळरावांनी फुलांचा गुच्छ बाजूला ठेवला.

पुस्तकात लिहिलं होतं, तापमान एकशे सत्तर डिग्री. गोपाळरावांना हसू आलं. ज्याने पाचशे चाळीस डिग्रीची वाफ आयुष्यभर मुठीत ठेवली, त्याला एकशे सत्तर म्हणजे गारठाच. छापणाऱ्याची चूक असणार असं ठरवून त्यांनी बटण फिरवता येईल तितकं फिरवलं, अडीचशेवर. तुळसाबाई परत आल्या तेव्हा घरात धूर आणि ट्रेमध्ये काळ्या चकत्या होत्या. गोपाळराव एक चकती बोटांत चुरडून खिडकीपाशी, उजेडात पाहत होते.

"बॉटम ॲश," ते गंभीरपणे म्हणाले.

कोराडीत राहिलेल्या बाईला राखेचे प्रकार शिकवावे लागत नाहीत. तुळसाबाईंनी ट्रेवर हळूच फुंकर मारली. "नाई जी. फ्लाय ॲश हाये. उडून राहिली."

दुसरा माणूस असता तर तिथेच थांबला असता. गोपाळरावांनी कपाटातून कोरी वही काढली, रेघा मारल्या आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'लॉगबुक'. बॉयलरवर छत्तीस वर्षं दर तासाला आकडे लिहिले होते. आकडे लिहिल्याशिवाय गरम वस्तूशी कसं वागायचं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"१०.०५ लाइट-अप. १०.२० तापमान १७०. ट्रे आत. १०.२८ कडा तांबूस. मागचा डावा कोपरा जास्त गरम. पुढील वेळी ट्रे फिरवणे."

दुसरी खेप कडू झाली, कारण संत्र्याची साल पांढऱ्या अस्तरासकट किसली गेली. आपल्या संत्र्याची सालच ढिली. फळ हातात धरून किसायला जावं तर ती सरकते, फाटते, बोटं सोलून निघतात ती वेगळीच. गोपाळरावांनी दोन दिवस विचार केला. मग साल मोठ्या तुकड्यांत सोलून पालथ्या वाटीवर घट्ट ताणून बसवली आणि बारीक किसणीने वरचा केशरी रंग तेवढा उतरवला. रस गाळून, आटवून आटवून वाटीचा चमचाभर केला. तिसरी खेप कडू नव्हती, पण जाड होती, मधे मऊ आणि कडेला कडक. लाटणं त्यांच्या हाती वाकडंच चाले. तेव्हा त्यांनी माळ्यावरच्या जुन्या सायकलचे दोन स्पोक काढले, घासून धुतले, पोळपाटावर दोन्ही बाजूंना आडवे ठेवले आणि मधे कणकेचा गोळा ठेवून लाटणं स्पोकांवरून फिरवलं. लाटणं स्पोकांच्या खाली जाऊच शकत नव्हतं. पोळी झाली बरोबर दोन मिलिमीटरची, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पेल्याच्या कडेने चकत्या पाडल्या, काट्याने टोचे मारले.

अकराव्या खेपेला जमलं. बिस्किट असं पातळ, की खिडकीसमोर धरलं तर सालीचे केशरी ठिपके दिसावेत. चावलं की कट् असा आवाज, मग संत्र्याचा घमघमाट थेट नाकात. तुळसाबाईंनी एक खाल्लं. दुसरं खाल्लं. तिसरं उचलताना म्हणाल्या, "बरे आहेत." अडतीस वर्षांच्या संसारात गोपाळरावांनी हा शब्द स्वतःबद्दल दोनदा ऐकला होता.

आता या माणसाची एक जुनी भूक सांगायला हवी, म्हणजे पुढचा घोळ समजेल. वीज ही अशी वस्तू की तिच्यावर करणाऱ्याचं नाव नसतं. दिवाळीत गांधीबागेची अवघी बाजारपेठ झगमगते, पण हा बल्ब गोपाळराव रंगारींच्या पाळीतला असं कोणी म्हणत नाही. लाईट गेली तरच लोकांना पावर हाऊस आठवतं, आणि तेही शिव्या द्यायला. आपण केलेल्या एखाद्या वस्तूकडे बोट दाखवून कोणीतरी म्हणावं, गोपाळराव, हे तुम्ही केलं? एवढंच त्यांना हवं होतं. मनातून फार हवं होतं.

आणि ती वेळ आली तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने तिचं मातेरं केलं.

एका रविवारी सकाळी मधुकरराव संत्र्यांचा नवा क्रेट घेऊन न सांगता दारात उभे राहिले. गोपाळरावांच्या अंगावर तेव्हा तुळसाबाईंच्या जुन्या साडीचा शिवलेला एप्रन होता, गुलाबी फुलांचा. तो त्यांनी घाईघाईत ओढून काढला आणि सोफ्याच्या गादीखाली कोंबला. मधुकरराव बसले ते नेमके त्याच गादीवर. समोर बशी होती. त्यांनी एक बिस्किट तोंडात टाकलं, डोळे मिटले, दुसरं टाकलं.

"काय बिस्कुट आहे गा गोपाळराव! वहिनींनी केले?"

मधुकररावांच्या मिशा भरघोस, आवाज भारी. कंट्रोल रूममध्ये हा माणूस खाकरला तरी पोट्टे उभे राहत. त्यांच्यासमोर, त्या फुलांच्या एप्रनवर ते बसलेले असताना, मी पेल्याने चकत्या पाडतो असं सांगायचं? गोपाळरावांची जीभ टाळ्याला चिकटली आणि सुटली ती एकच अक्षर घेऊन.

"हो."

स्वयंपाकघराच्या दारात तुळसाबाई उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, गादीखालून डोकावणाऱ्या गुलाबी फुलांकडे पाहिलं, आणि चेहऱ्यावरची रेघही न हलवता पुढे होऊन म्हणाल्या, "घ्या ना भाऊजी आणखी. माह्यानं होते तेवढं करते, बाप्पा."

मधुकरराव डबाभर बिस्किटं घेऊन गेले. दार लागल्यावर गोपाळराव म्हणाले, "मले तेव्हा काही सुचलंच नाई वं."

"बरं झालं," तुळसाबाई एप्रन झटकत म्हणाल्या. "मलेबी आजच समजलं, मी इतकी चांगली बिस्कुटं करते म्हणून."

डबा मधुकररावांच्या घरी पोहोचला, तिथून त्यांच्या बायकोच्या, वंदनाबाईंच्या महिला मंडळात. आठ दिवसांत वस्तीतल्या बाया दारात. कोणी वास कशाचा ते विचारायला, कोणी कृती विचारायला. तुळसाबाई त्यांना बाहेरच्या खोलीत बसवत आणि आत गोपाळराव ट्रे फिरवत असत, चोरासारखे, पायांचा आवाज न करता.

"तुळसाबाई, किती वेळ ठेवता वं ओव्हनमध्ये?"

"अंदाजानं," तुळसाबाई सांगत.

"अन् साखर?"

"हाताले समजते ना."

आत गोपाळराव लॉगबुकाची पानं उलटत. चौदा खेपांचे आकडे, मिनिट मिनिट मोजलेलं, आणि ही म्हणते अंदाजानं. पण बाहेर जाऊन ओरडायची सोय नव्हती. आपलेच दात, आपलेच ओठ. बाया उठून जाताना हमखास म्हणत, "नशीबवान आहेत गोपाळराव. बसल्या जागी खायले भेटते." तेव्हा तुळसाबाई आतल्या दाराकडे बघून गोड आवाजात म्हणत, "ऐकलं का जी?"

डिसेंबरच्या शेवटी वंदनाबाई पत्रिका घेऊन आल्या. तीन जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. समाजभवनात कार्यक्रम. वस्तीतल्या पाच कर्तबगार बायांचा सत्कार, आणि पत्रिकेत तिसरं नाव छापलेलं होतं, तुळसाबाई गोपाळराव रंगारी, संत्रा-बिस्किटं. शाल, नारळ, आणि त्याआधी स्टेजवर सगळ्यांसमोर बिस्किटं करून दाखवायची.

वंदनाबाई गेल्यावर गोपाळरावांनी पत्रिका पुन्हा वाचली. त्यांचं नाव होतं त्यात. तुळसाबाईंच्या नावाच्या मधोमध, बायकोचा नवरा म्हणून.

दुपारी तुळसाबाई अंगणात तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसल्या होत्या. गोपाळराव समोर येऊन उभे राहिले.

"हे आता लय झालं. वंदनाबाईले सांगून टाक."

"काय सांगू?"

"का बिस्कुटं मी करतो म्हणून."

"तुमी सांगा. ते 'हो' तुमच्याच तोंडातून निघालं होतं."

"मले आता कसं सांगता येईन? मधुकरराव काय म्हणतीन? तूच सांग, हसत हसत." आणि मग, आपण फार बिनतोड बोलतो आहोत असं वाटून, "सावित्रीबाईच्या जयंतीले बाईचा सत्कार, अन् काम माणसाचं. शोभते काय हे? काम एकाचं अन् नाव दुसऱ्याचं. आयत्या बिळावर नागोबा."

शेंगा सोलणारे हात थांबले.

"तुमच्या डब्यातली पाटोडी कोन करे?" तुळसाबाईंनी विचारलं.

गोपाळराव शेंगांच्या ढिगाकडे पाहू लागले.

"नाई, सांगा ना. काम एकाचं अन् नाव दुसऱ्याचं म्हणता. तीस वर्षं तुमचा डबा कोन भरे?"

आता ती गोष्ट. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं, गोपाळराव नवे नवे नोकरीला लागले होते. पहिल्याच आठवड्यात कंट्रोल रूममध्ये डबा उघडला. आत तुळसाबाईंच्या हातची पाटोडी, बेसनाच्या वड्या लालभडक रश्शात, आणि ज्वारीची भाकर. मधुकररावांनी एक घास घेतला आणि विचारलं, कोणाच्या हातचं गा? आजूबाजूला सगळे तरणे पोट्टे. बायकोच्या म्हटलं असतं तर वर्षभर चिडवलं असतं, बाईलवेडा म्हणून नाव पडलं असतं. गोपाळराव म्हणाले, आईच्या. आई तेव्हा गावी होत्या, क्वार्टरवर राहायला त्या पुढे आल्या, आणि त्यांच्या हाताला चव नाही, हे त्या स्वतःच हसून सांगत. पण शब्द सुटला तो सुटला. पुढे पाटोडी आईची, अंबाडीची भाजी आईची, भरीत आईचं. मधुकरराव रोज अर्धा डबा खात आणि माउलीला दुवा देत. वंदनाबाईंकडून ही कीर्ती क्वार्टरच्या नळावर तुळसाबाईंच्या कानावर आली, तेव्हा त्या हातातली बादली भरून घेऊन घरी निघून आल्या होत्या.

कहर झाला तो तीस वर्षांनी, आई गेल्या तेव्हा. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मधुकरराव आदरांजलीला उभे राहिले. म्हणाले, या माउलीच्या पाटोडीवर आमची अख्खी पाळी पोसली गेली, आता ती चव पुन्हा मिळणार नाही. असा भारदस्त माणूस, पण सगळ्यांसमोर रडला. मागे पंगतीची तयारी चालली होती आणि तुळसाबाई हातात पळी घेऊन उभ्या होत्या. भांड्यात पाटोडीच होती, पहाटे उठून त्यांनीच केलेली. पुढच्या आठवड्यात डब्याला तीच चव पाहून मधुकरराव चकित झाले, तर गोपाळराव म्हणाले, आईनं जाण्याआधी हिला शिकवलं होतं.

"तीस वर्षं," तुळसाबाई म्हणाल्या. "मी एक दिवस तरी बोलले काय? तुमाले महिनाभर नाई झाला, तर तुमचं पोट दुखून राहिलं."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर गोपाळरावांना भांडता आलं असतं. त्यांनी खाली बसून दोन-चार शेंगा सोलल्या, दाणे चुकून टरफलांत टाकले. आपण फार हलके आहोत असं त्यांना वाटलं. इतकी वर्षं बाईच्या पोटात हे होतं, आणि आपल्याला वाटत होतं की ती थट्टा करते आहे.

"तुले ठाऊक होतं, तर तेव्हाच काहून नाई बोलली?"

"बोलून काय करू? सासूसंग नावासाठी भांडू? त्या बिचाऱ्या तर मलेच म्हणत, तुळसा, माह्या नावानं जेवण तू करते, मले लाज वाटते वं."

गोपाळरावांनी त्या दुपारी ठरवलं. सत्कार होऊ द्यायचा, तोंड उघडायचं नाही. बिस्किटांवरचं नाव गेलं ते गेलं. फिटंफाट.

"चल," ते उठून म्हणाले. "स्टेजवर करायचं तर शिकावं लागीन."

आठ दिवस शिकवणी चालली. लाटण्यात तुळसाबाईंना शिकवण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी स्पोक बाजूला सारले, पापडाच्या लाटण्याने सरसर लाटलं आणि पोळी पुढे केली. गोपाळरावांनी स्टीलची पट्टी लावून पाहिली. पावणेदोन मिलिमीटर, सगळीकडे. पट्टी खिशात ठेवली. आकडा लॉगबुकात लिहिला नाही. ओव्हनशी मात्र त्यांचं वाकडं होतं. तुळसाबाईंना दर मिनिटाला दार उघडून पाहायचं असे.

"उघडू नको वं! हीट जाते."

"पाहू नाई तर समजीन कसं, शिजलं का जळलं ते?"

"वास घे. कडेचा वास आधी येते."

"मंग इतके आकडे कायले लिहिता, नाकच होतं तर?"

तीन जानेवारीला गोपाळराव ओव्हन मांडीवर घेऊन ऑटोत बसले. मागे लॉगबुक, किसणी आणि संत्र्यांची पिशवी घेऊन तुळसाबाई. समाजभवन भरलं होतं. पुढे बाया, मागच्या दोन रांगांत पत्नींना पोहोचवायला आलेले आणि जेवणाच्या आशेने थांबलेले नवरे. मधुकरराव तिथेच होते. त्यांनी गोपाळरावांना शेजारी जागा दिली. फोटोंना हार झाले, दोन सत्कार झाले, आणि तुळसाबाईंचं नाव पुकारलं गेलं.

त्यांनी पालथ्या वाटीवर साल ताणून किसली, तेव्हा पहिल्या रांगेत कुजबुज झाली. लाटलं, तेव्हा मागून कोणी उभं राहून पाहिलं. ट्रे आत गेला. गोपाळराव मागच्या रांगेत घड्याळ धरून बसले होते. सातव्या मिनिटाला तुळसाबाईंचा हात दाराकडे गेला आणि परत आला. नवव्या मिनिटाला त्यांनी नाक वर केलं, हवा हुंगली आणि ट्रे बाहेर काढला. तांबूस कडा, एकही जळलं नव्हतं. ट्रे पहिल्या रांगेतून फिरला आणि सभागृहभर कट् कट् कट् आवाज झाला. मग टाळ्या. वंदनाबाईंनी शाल पांघरली, नारळ दिला आणि माइक पुढे केला. "दोन शब्द, तुळसाबाई."

तुळसाबाईंनी शाल खांद्यावरून काढली, घडी करून टेबलावर ठेवली.

"जयभीम, राम राम. मले एक सांगायचं आहे. हे बिस्कुटं माहे नाईत. आमचे हे करते. सालीची युक्ती या माणसाची, माप यायचं, सगळं यायचं. मी आठ दिवसांत शिकली. फुकटची शाल मी अंगावर घेत नाई. हे यायचं काम आहे, यायले बलावा."

गोपाळराव खुर्चीतच ताठ झाले. असं काही ठरलं नव्हतं. मग मघापेक्षा दुप्पट टाळ्या वाजल्या.

"काय मोठं मन आहे बाईचं," पहिल्या रांगेतली एक म्हणाली. "सत्कार आपला, अन् मोठेपणा नवऱ्याले."

"खरंच सांगून राहिली," तुळसाबाईंनी लॉगबुक उघडून दाखवली. "पाहा, अक्षर यायचं."

वही हातोहात फिरली. "आई वं, नवरा बसून लिहून घेते! आमचे तर किराण्याची यादी लिहीत नाईत."

गोपाळरावांना स्टेजवर नेण्यात आलं. त्यांनी माइक घेतला. "मीच करतो," ते म्हणाले. हशा पिकला. एक चष्मेवाली उठून म्हणाली, "मंग सांगा, मीठ किती?"

"दीड ग्रॅम. पाव चमचा, काठोकाठ नाई."

"घ्या, पाठबी करून घेतलं यायच्याकडून," ती म्हणाली आणि सगळ्या हसून हसून बेजार. तुळसाबाईंनी कपाळावर हात मारला. आयुष्यात पहिल्यांदा गोपाळरावांच्या कामाची कोणी भर सभेत साक्ष दिली होती, आणि शंभर बायांनी ती हसण्यावारी नेली होती. त्यांना रडावं की हसावं कळेना. त्यांनी टेबलावर पडलेल्या शालीकडे पाहिलं. मग मागच्या रांगेत, बिस्किटाचा तुकडा मिशीत अडकलेल्या मधुकररावांकडे.

"बरं, बिस्कुटाचं राहू द्या," ते म्हणाले. "दुसरं एक सांगतो. मी पावर हाऊसमध्ये तीस वर्षं डबा नेला. सगळ्यायले सांगतलं, माह्या आईच्या हातचा आहे. खोटं होतं ते. आईले स्वयंपाक येत नव्हता. पाटोडी हिची होती. भरीत हिचं. भाकर हिची. बायकोच्या हातचं म्हणायची मले लाज वाटे. ती पहाटे चारले उठे, अन् मी नाव दुसऱ्याचं सांगे."

कोणी हसलं नाही. या गोष्टीला पुरावा कोणी मागितला नाही, मीठ किती ते विचारलं नाही. समोर बसलेल्या प्रत्येकीला ती तत्काळ खरी वाटली, कारण प्रत्येकीने असा एक डबा भरलेला होता. मागच्या रांगांतले नवरे खाली पाहू लागले.

मधुकरराव उठले. सावकाश चालत स्टेजपाशी आले. त्यांचा चेहरा पाहून गोपाळरावांना वाटलं, आता हे खाकरणार.

"गोपाळराव," ते म्हणाले, "मी तुमच्या आईसाठी रडलो होतो गा. भर कार्यक्रमात."

"ठाऊक आहे, साहेब."

"अन् वहिनी तिथंच पळी घेऊन उभ्या होत्या."

"हो."

मधुकररावांनी टेबलावरची शाल उचलली, तिची घडी उलगडली, आणि सगळ्यांसमोर तुळसाबाईंच्या खांद्यांवर नीट पांघरली. "वहिनी, तीस वर्षांचं राहिलं होतं," म्हणाले. तुळसाबाईंना नेहमीसारखा एखादा टोला हाणायचा होता. तो राहिलाच. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि शालीची दोन्ही टोकं मुठीत घट्ट धरून तशाच उभ्या राहिल्या. या वेळी त्यांनी ती काढली नाही.

बिस्किटं कोण करतं, याबद्दल कोराडी रोडच्या बायांचं मत अजून बदललेलं नाही. सकाळी वास सुटला की शेजारीण कुंपणावरून हाक मारते, "तुळसाबाई, लागल्या वाटते कामाले?" आत गोपाळराव फुलांचा एप्रन बांधून, एका हातात घड्याळ आणि एका हातात ट्रे घेऊन उभे असतात. शाल पांघरून ओट्यावर उन्हात बसलेल्या तुळसाबाई चहाचा कप खाली ठेवतात आणि सांगतात, "हो वं, चालू आहे."

गोपाळराव आतून ऐकतात. ट्रे फिरवतात.